अण्णांचं स्टॉपवॉच

आमच्या शेजारचे अण्णा जिल्हा परिषदेत लेखापरीक्षक होते. निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत, म्हणून ते डॉक्टर तपासतात. दवाखान्यात जाताना रिपोर्टांची फाईल घरी राहील, पण खिशातलं स्टॉपवॉच नाही. पेशंटनं तोंड उघडलं की बटण दाबायचं, डॉक्टरनं मध्येच तोडलं की पुन्हा दाबायचं. मग वहीत नोंद : ‘गुडघा, ९ सेकंद. शेरा : मान वर केली नाही.’

अण्णा हवेत बोलत नाहीत. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये पडत होते. २०१८च्या अभ्यासात हा आकडा ११वर आला. ‘प्रगती आहे!’ अण्णा म्हणतात. उलट स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला डॉक्टरांना गप्प बसायला सांगून मोजलं, तर पेशंट सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. ‘दीड मिनिट! एवढ्यात वांग्यांचा भावसुद्धा ठरत नाही.’

हे सगळं ते बाहेरच्या बाकावर ऐकवतात. कुणी ‘आमच्या मुलीला पण...’ म्हणालं, की लगेच, ‘थांबा, आधी माझं पूर्ण ऐका.’

परवा विसरलेली फाईल घेऊन मी मागोमाग पोचलो. आत नव्या डॉक्टरीणबाई होत्या. २०१९पासून एमबीबीएसला पेशंटशी बोलायचं कसं हेही शिकवतात, त्या तालमीतल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘बोला काका.’ आणि गप्प.

अण्णांनी बटण दाबलं. ‘जिना उतरताना गुडघा...’ वीस सेकंद. तीस. कुणी तोडेना. पंचेचाळिसाव्या सेकंदाला गुडघा संपला. अण्णा कासावीस झाले. ‘अहो, तुम्ही काहीतरी बोला ना!’

बाईंनी सावकाश सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, ‘आता मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा बघू.’

अण्णांनी वही उघडली. ‘चार मिनिटं बारा सेकंद. उत्तम!’

‘ते झालं. पांढरी गोळी कधी घ्यायची?’

अण्णांनी पान उलटलं. मागचंही पाहिलं. शेवटी शेजारी बसलेल्या काकूच म्हणाल्या, ‘जेवण झाल्यावर, आणि ती दुसरी...’

‘अगं, मला सांगू दे की!’

तीन सेकंद. ही नोंद तेवढी वहीत नाही.