वाचलेल्या पुस्तकाचा दोन ओळींत निकाल कसा लावावा

पुस्तक वाचणे आणि पुस्तकावर मत देणे या दोन स्वतंत्र विद्या आहेत. पहिलीवाचून दुसरी अडत नाही, हे आमच्या दाजींनी सप्रयोग सिद्ध केले आहे. रविवारी जेवणं उरकली की ते महिनाभरात वाचलेल्या पुस्तकांचा निकाल लावतात. होतकरूंच्या सोयीसाठी त्यांची पद्धत येथे सूत्ररूपाने देत आहोत.

१. जाड पुस्तकाला 'पसरट' म्हणावे. नेमाड्यांची 'हिंदू' (२०१०) दाजींनी या एका शब्दात मिटवली. मी म्हटलं, "दाजी, नायक पुरातत्त्वाचा माणूस आहे. एका थराखाली दुसरा थर निघणारच." त्यावर ते म्हणाले, "निघू द्या की. पण माती आमच्या अंगावर का?" याला उत्तर नाही.

२. बारीक पुस्तकाला 'अजून हवं होतं' म्हणावे. हे सूत्र विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ला (१९३९) लावलेलं मात्र मला सहन झालं नाही. युरोपातून निघालेली एक बोट, तिच्यावर चक्रधर आणि हर्टा. तो हिंदी, ती जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी. बोटीवरची ओळख बोटीच्या वेळापत्रकाएवढीच लांब असणार! अजून म्हणजे काय, सुएझला उतरून दोन प्रकरणं घालायची?

३. शेवट सांगू नये. (दाजी सांगतात.)

४. न वाचलेल्या पुस्तकावर बोलताना आवाज थोडा चढा ठेवावा.

५. स्वयंपाकाची पुस्तके साहित्यात धरू नयेत. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'चा (१९७०) विषय निघाला की दाजी हात झटकतात. वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेल्या त्या पुस्तकावर ताईनं आजवर मत दिलेलं नाही. तिच्या प्रतीतलं चकलीचं पान सुटं झालंय, एवढंच. दाजी चकल्या खातात आणि मग नेमाड्यांवर बोलतात.

६. काहीच सुचले नाही तर 'पूर्वीसारखं आता कुणी लिहीत नाही' असे म्हणून उसासा टाकावा. पूर्वीचं म्हणजे कोणतं, हे समोरच्याने विचारू नये. मी विचारलं. दाजी म्हणाले, 'बनगरवाडी' (१९५५). आणि मग सूत्रं बाजूलाच राहिली. धनगरांच्या वाडीत शाळामास्तर म्हणून गेलेला कोवळा पोरगा, त्याने खटपट करून उभी करवलेली तालीम, दुष्काळात मेंढरांसकट ओस पडत गेलेली वाडी, सगळं त्यांनी घडलं त्या क्रमानं सांगितलं. एक विशेषण नाही. दाजींचे वडील एकशिक्षकी शाळेत मास्तर होते. त्यांचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही. ताई आत भांडी लावत होती, तीही थांबली. असं बोलता येतं तर हा माणूस एरवी 'पसरट' का म्हणत बसतो, कुणास ठाऊक.

"मग मत काय तुमचं?" मी विचारलं.

"बरं आहे," दाजी म्हणाले.

ती प्रत माझी आहे. दिवाळीपासून त्यांच्या उशाशी आहे. ताईच्या नवऱ्याकडून पुस्तक परत कसं मागावं, यावर कुणाकडे सूत्र असल्यास कळवावे.