हवेचं भाडं

चार किलो चिवड्याचं वजन साडेसात किलो भरतं. पुण्यातल्या एका फराळवाल्या काकूंना हे कुरिअरच्या बिलावरून कळलं, आणि त्यांचा पहिला संशय काट्यावर गेला. मंडईत जन्म काढलेल्या बाईला काट्याचं काही शिकवायला जाऊ नये. पण काटा चोख निघाला. बिल खोक्याचं होतं.

एक्स्प्रेस कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, गुणाकार करतात आणि 5000 ने भागतात. येईल ते व्हॉल्यूमेट्रिक वजन. ते आणि खरं वजन, यांतलं जे जास्त त्यावर भाडं. काकूंचं खोकं 40 बाय 30 बाय 30. गुणाकार 36000, भागाकार 7.2, आणि अर्ध्या किलोच्या पुढच्या टप्प्यावर 7.5. म्हणजे न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाला चार किलो चिवडा आणि साडेतीन किलो पुण्याची हवा पोचली. आपल्या हवेचं कौतुक पुणेकरांना आहेच, पण तिचं विमानाचं तिकीट काढण्याइतकं नाही.

कंपन्यांचंही अगदीच चूक नाही. नुसता चिवडाच भरला तर विमान वजनाच्या कितीतरी आधी जागेने भरेल. जहाजाचा हिशेब निराळा. तिथे सुट्या मालाला एक घनमीटर म्हणजे एक टन धरतात, एक्स्प्रेस विमानाला तेवढ्याच जागेचे 200 किलो. तेव्हा समुद्रमार्गे चिवड्याचं वजन कोणी बघतच नाही, भाडं जागेचंच. त्यात 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर न्हावाशेव्याहून युरोपला निघालेली बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दिवाळीचा फराळ दत्तजयंतीच्या प्रसादात वाटायची तयारी असेल, तर हा मार्ग उत्तम.

मग काकूंच्या भाच्याने एक्सेल उघडलं. कुरिअर कंपन्यांची रेट कार्डं शेजारी शेजारी मांडली आणि किलोला सर्वांत स्वस्त दर पिवळा रंगवला. काकू खूश. पण त्या दराखाली बारीक अक्षरांत एक कुटुंब राहत होतं: सतत बदलणारा फ्युएल सरचार्ज, दूरच्या पत्त्याचा सरचार्ज, पत्ता चुकल्यास दुरुस्तीचे वेगळे, आणि सगळ्यांच्या डोक्यावर 18 टक्के जीएसटी. बेरीज झाल्यावर पिवळी कंपनी तिसरी आली. नुसता किलोचा दर वाचून कुरिअर निवडणं म्हणजे पत्रिकेच्या कागदावरून पंगतीचा अंदाज बांधणं. नागपूर-बेळगावचा माल ट्रान्सपोर्टने पाठवताना तरी कुठे वेगळं? तिथेही बिल्टीचे वेगळे, हमालीचे वेगळे, दारात पोचवायचे आणखी वेगळे.

घासाघीस करायला काकू स्वतः कुरिअर कंपनीत गेल्या. छापील दरावर सवलत मिळते, पण ती महिन्याच्या धंद्यावर ठरते.

‘‘महिन्याला किती पार्सलं जातात, मॅडम?’’

‘‘कुठल्या महिन्याला?’’

आश्विनात खोक्यांना जागा पुरत नाही आणि बाकीचं वर्ष सामसूम, हे धंद्याचं रूप तिथल्या तरुणाच्या फॉर्ममध्ये बसेना. अशा लहान गिऱ्हाइकांची पार्सलं एकत्र करून मोठ्या गिऱ्हाइकाचा दर मिळवून देणारे मध्यस्थ असतात, काकूंची सोय शेवटी तिथेच झाली. मध्यस्थाने पहिलीच अट घातली: प्रत्येक खोक्याला मोजपट्टी लावून फोटो काढायचा. पुढे कंपनीच्या यंत्राने माप जास्त दाखवलं, तर भांडायला पुरावा हवा. फुगीर खोकं दोन सेंटिमीटरनेही पुढच्या टप्प्यात जातं. काकू तेव्हापासून झाकणावर बसून टेप लावतात.

2025 ची दिवाळी तर थेट जागतिक राजकारणात सापडली. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी 29 ऑगस्टला संपली, भारतीय टपाल खात्याने तिकडचं पार्सल बुकिंग थांबवलं आणि ते पूर्ववत केलं 15 ऑक्टोबरला, दिवाळी चार-पाच दिवसांवर आल्यावर. दुबईचा प्रश्न निराळाच. तिथे खसखशीला बंदी. तेव्हा अनारशांचा दर कितीही चांगला मिळाला तरी अनारसे जाणार नाहीत.

हवेच्या भाड्यावर तोडगा काकूंना सुचला तो डबा भरताना. चिवडा जागा खातो, बेसनाचा लाडू वजन. दोन्ही एकाच खोक्यात भरले, तर खरं वजन व्हॉल्यूमेट्रिकच्या जवळ जातं आणि हवा बाहेर पडते. हवाईमालाचे मोठे एजंट लोखंडी सुटे भाग आणि हलका माल एकत्र भरून हेच करतात, हे भाच्याने नंतर सांगितलं. काकूंना त्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही. त्यांनी नवं दरपत्रक काढलं: चिवडा परदेशी एकटा जाणार नाही, सोबत लाडू घ्यावे लागतील.

बॉस्टनच्या एका मधुमेही गिऱ्हाइकाने कळवलं, लाडू नकोत, चिवडा आणि चकल्या पाठवा. चकली तर चिवड्याहून वाईट. वेढ्यांमधल्या पोकळीचंही भाडं, आणि पोचेपर्यंत अर्धा चुरा. काकूंनी चिवड्याबरोबर चकलीची भाजणी दाबून भरली आणि ‘चकल्या तिथेच पाडा’ म्हणून चिठ्ठी टाकली. त्याच्याकडे सोऱ्या नव्हता. खोक्याच्या हिशेबात अजून सव्वा किलो शिल्लक होतं, त्यात काकूंचा जुना पितळी सोऱ्या फुकट अमेरिकेला गेला.