बापूंचा इंटरनॅशनल

बापूंचा फोन आला की 'हॅलो' म्हणण्यात अर्थ नसतो. पलीकडे बापू नसतात, इंजिन असतं. ते आधी फोन इंजिनाला लावतात, मग स्वतःच्या कानाला. मधल्या वेळात धडधड, खडखड, एखादी कोंबडी आणि लांबून काकूंचा आवाज, एवढं मुकाट ऐकून घ्यायचं. मग प्रश्न येतो : "काय म्हणतंय?"

आता इंजिन काय म्हणतंय हे मला कुठून कळणार? मी उभा जन्म कॉलेजात मराठी शिकवलं. "चांगलं वाटतंय" म्हणून सुटावं तर, "चांगलं? तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, आणि तुम्हाला चांगलं वाटतंय?" आणि "बिघडलंय वाटतं" म्हटलं तर बापू दोन दिवस बोलत नाहीत. (हा उपाय मी गरज पडेल तसा वापरतो.)

असा माणूस तुमच्याही तालुक्यात असणारच. फंडाचे पैसे हातात आले की बाकीचे काशी-रामेश्वर करतात, बंगल्यावर मजला चढवतात. हा कुठल्या तरी पडक्या गोठ्यातून गंजलेला ट्रॅक्टर ओढून आणतो. ओळखायला सोपा. पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, बोल्ट असतो आणि खिशाखाली ऑइलचा गोल डाग. कुठल्याही घरात गेला तरी नमस्काराच्या आधी हात पुसायला फडकं मागतो.

आमचे बापू मोजणी खात्यातले. नोकरी सगळी साखळी, फळी आणि हद्दीचे दगड यात गेली. पोटहिस्स्यांची मोजणी हा त्यांचा हातखंडा. भाऊ भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असले तरी बापू मध्ये फळी मांडून शांतपणे रेघ ओढत. त्या नोकरीत त्यांनी जन्मभर लोकांचं ऐकून घेतलं. आता लोकांनी ऐकायचं, एवढाच हिशेब असावा.

ऐकवण्याला धरबंध नाही. पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि बापू गायब. ते कार्यालयाच्या मागे जनरेटरजवळ उभे. थोड्या वेळाने आले ते थेट नवऱ्या मुलाच्या बापाचा दंड धरून त्याला मागे घेऊन गेले. तो बिचारा मानपानाचं काहीतरी बिनसलं म्हणून घामाघूम. बापू त्याला जनरेटरपाशी उभा करून म्हणाले, "ऐका. टॅपेट वाजतंय." व्याह्यांनी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, मानही हलवली. मुलीच्या सासरी बापूंना अजून मान आहे तो यामुळेच.

त्यांच्याकडे एक लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे. टोक ब्लॉकवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाच्या हाडाला लावायची, की आत कुठलं बेरिंग वाजतंय ते कळतं. ही मिस्त्री लोकांची जुनी रीत आहे, तिला मी हसत नाही. पण बापू हा स्क्रू-ड्रायव्हर फ्रिजला लावतात, पिठाच्या गिरणीला लावतात, एस.टी. थांबली की तिच्या बॉनेटला लावतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी छाती तपासायला नळी लावली तेव्हा बापूंनी मध्येच ती मागून घेतली, स्वतःच्या छातीवर ठेवली आणि बराच वेळ ऐकून निकाल दिला, "आयडलिंग जरा जास्त आहे." डॉक्टरांनी गोळी तीच दिली.

ट्रॅक्टर कसा मिळाला ते ऐकवल्याशिवाय बापू कुणाला चहा देत नाहीत, म्हणून मीही सांगतो. शेजारच्या गावात एका गोठ्याची भिंत पडली आणि आतून लाल पत्रा दिसला. इंटरनॅशनल बी-२७५. मागच्या चाकाच्या रिममधून बाभूळ वर आलेली. मालक तो भंगारवाल्याला किलोवर द्यायला निघाला होता, काटासुद्धा आला होता. बापू त्याच्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले, पत्र्यावरून हात फिरवला, आणि तेवढ्यात भंगाराची 'वडिलांची आठवण' झाली. आठवणीचा भाव भंगाराच्या दुप्पट निघाला. वर आर.सी. बुकावर मालक मयत, वारस अकरा, त्यातले दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दुसरा कुणी असता तर पळाला असता. पण वारसांच्या सह्या गोळा करणं हे तर बापूंचं माहेर!

मग इतिहास. इंग्लंडात डोंकॅस्टरला निघालेलं हे मॉडेल आपल्याकडे १९६३ साली स्थापन झालेल्या कंपनीने आणलं. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास अशी तिघांची ती भागी. कारखाना मुंबईत कांदिवलीला. पस्तीस हॉर्सपॉवर, चार सिलिंडर, आठ गिअर पुढचे, दोन मागचे. "कांदिवलीला!" असं बापू सांगतात तेव्हा आवाज असा लावतात की जणू तिथे आता फ्लॅट विकत मिळतात हा कांदिवलीवर झालेला अन्यायच आहे. त्या काळात ट्रॅक्टरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ज्याच्या दारात तो उभा, त्याच्या मुलाला मुलगी सांगून यायची. बापूंना एकच गोष्ट डाचते. हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो ट्रॅक्टरवरून, पण तो निघाला फर्ग्युसन. हे ते दुसऱ्याच्या मुलाचे मार्क सांगावेत तसं सांगतात आणि लगेच पुढे जोडतात, "बर्फात कोण पण चालवंल. काळ्या रानात नांगर धरून दाखवायचा होता."

इंजिन जाम होतं. पिस्टन लायनरला धरून बसलेले. हेड उतरवून बापूंनी चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल ओतलं, वर पोतं टाकलं आणि वाट बघत बसले. रोज सकाळी चूळ भरायच्या आधी ते गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवून बघत. एके दिवशी क्रँक सुईच्या टोकाएवढी हलली. त्या दिवशी फोन आला. पलीकडे काहीच ऐकू येईना. "आलं का ऐकू?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "बंद आहे, येणार कसं? पण हललंय!"

मग सुट्या भागांची पायपीट. त्यातल्या कोल्हापूरच्या एका फेरीला मला बरोबर नेलं होतं, मिसळीचं आमिष दाखवून. शिवाजी उद्यमनगरात एका खोलीत लेथ, शेजारच्या खोलीत भट्टी, समोर पिस्टन-रिंगांचं दुकान. तिथली माणसं बोलत नाहीत, जिन्नस हातात घेऊन वजन बघतात. एका म्हाताऱ्या कारागिराने बापूंचा व्हॉल्व्ह उजेडात धरला, अंगठ्याने त्याची बैठक चाचपली आणि "बसंल" एवढाच शब्द उच्चारला. बापूंच्या डोळ्यांत पाणी. येताना रेडिएटरला एस.टी.त खिडकीची सीट मिळाली. कंडक्टर म्हणाला, याचं लगेज पडेल. बापू म्हणाले, "अर्धं तिकीट द्या, ज्येष्ठ नागरिक आहे." मी उभा राहून आलो.

घरात काय चाललं असेल याची कल्पना तुम्ही करालच. मसाल्याच्या डब्यात वॉशर. इंची पाने आणि एम.एम.चे पाने देवघराखाली वेगवेगळ्या थैल्यांत, कारण जुन्या इंटरनॅशनलच्या बोल्टाला एम.एम.चा पाना लावणं हे बापूंच्या लेखी सोवळ्यात चप्पल घालण्यासारखं. नातवाच्या बारशाच्या पत्रिकेचा कागद जाड होता, म्हणून उरलेल्या पत्रिकांतून त्यांनी गॅस्केट कापलं; टायमिंग कव्हरच्या आत अजून 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' असं छापलेलं आहे. काकू काही बोलत नाहीत. त्यांनी एवढंच केलं की, बापू फोन इंजिनाला लावायला लागले की त्या जवळ येऊन भांडी घासायला बसतात.

आणि मग तो चालू झाला. त्या दिवशी मी तिथे होतो, म्हणून हे ऐकीव नाही. डिझेल लाइनने एअर धरलेली. बापूंनी फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला केला, हाताने पंप मारायला लागले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग थुंकल्यासारखं थोडं डिझेल, आणि मग एकसंध, स्वच्छ धार. स्क्रू आवळला. हीटर तापू दिला. सेल्फ मारला. दोन वेळा नुसतं घरघरलं. तिसऱ्यांदा सायलेन्सरमधून पांढरा लोट निघाला, मग निळा, मग एक काळी गुठळी, तिच्याबरोबर आतलं एक उंदराचं घरटं, आणि त्यानंतर धूर दिसेनासाच झाला. बापू खाली उतरले. नोझलच्या पाइपांचे नट त्यांनी एकेक करून ढिले केले, परत आवळले. ज्याचा नट सोडल्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. चारीही नटांना आवाज बदलला. सगळी आळी जमलेली. ज्याला-त्याला वाटलं, आता हे आपल्याला धरणार. पण बापूंनी त्या दिवशी कुणाला फोन केला नाही, कुणाचा दंड धरला नाही. एकटेच ऐकत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी नांगर जोडून रानात गेले, आणि खरी गोम तिथे निघाली. नांगर लावलेल्या ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. आमच्या शिवारात आता आठ गुंठे, पाच गुंठे, कुठे तर बांधापासून बांधापर्यंत बारा फूट रुंदीच्या पट्ट्या. आजोबांच्या काळात जिथे बैल हाकताना पलीकडचं टोक दिसत नसे, तिथे इंटरनॅशनलचं पुढचं चाक वळेपर्यंत मागचं चाक चुलत्याच्या उसात. १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. तरी तुकडे झाले, आणि त्यातल्या निम्म्यांच्या हद्दी बापूंच्याच हातच्या. प्रत्येक दगड त्यांना पाठ. त्या दिवशी ते ट्रॅक्टर बंद करून बांधावर बसले आणि मला बोट दाखवून सांगत राहिले : ही वाटणी अमक्या साली, ती तमक्या साली, त्या दोघांना मी समजावलं होतं, मधे रेघ नको, एकत्र करा. "ऐकलं नाही," म्हणाले. एवढंच.

आता इंटरनॅशनल काय करतो, तर बेंदराला बैलांच्या मागे गोंडे बांधून मिरवतो, खंडेनवमीला पूजा घेतो, आणि बाकी वर्षभर प्री-वेडिंगचे फोटो काढून देतो. पुण्याहून पोरं-पोरी येतात, तो फेटा बांधतो, ती मडगार्डवर बसते. दोघांनाही क्लच कुठे आहे ते माहीत नसतं. बापू भाडं घेत नाहीत, पण फोटोच्या आधी इंजिन चालू करून दोघांना ऐकवतात. नवरा-नवरी तेवढा वेळ शेजारी उभं राहून, गप्प राहून, एकच गोष्ट ऐकतात. पुढच्या संसारात हा योग किती वेळा येईल कुणास ठाऊक.

हेही लिहिलं पाहिजे, नाइलाजाने. उसाला पाणी चालू असताना रात्री दोनला कुणाचं इंजिन बंद पडलं तर गावात पहिला फोन बापूंना जातो. पलीकडचा माणूस हल्ली 'हॅलो' म्हणत नाही, सरळ फोन इंजिनाला लावतो. बापू अंथरुणातूनच सांगतात, एअर धरलीय, किंवा नोझल गेलाय, आणि फोनवर निस्तरण्यासारखं नसलं तर बॅटरी घेऊन चालू लागतात. पैसे घेत नाहीत. आयटीआय अर्ध्यावर सोडलेला एक पोरगा त्यांच्या हाताखाली वर्षभर नट धूत होता, त्याचं आता हायवेला गॅरेज आहे. त्याच्याकडेही तसलाच लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे.

सध्या बापूंचं एकाच गोष्टीवाचून अडलंय. ट्रॅक्टरच्या नाकावरची 'इंटरनॅशनल'ची मूळ पट्टी मिळत नाही. नवी करून घ्या म्हटलं तर जेवत नाहीत. तेव्हा वाचकहो, तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून असली एखादी पट्टी लावलेली असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. बापूंसाठी ठेवा. भाव दुप्पट सांगितलात तरी ते देतील.