काचेच्या सोसायटीचे प्रवेश-नियम

घरात फिशटँक आणणे म्हणजे एक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन करणे होय. तिचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सफाई कामगार आपणच. सभासद निवडण्याचा अधिकार मात्र प्रथेप्रमाणे घरातल्या सर्वांत लहान व्यक्तीकडे असतो. ती दुकानातल्या काचेला नाक लावते आणि "बाबा, तो लाल!" असा ठराव एकमताने मंजूर करून टाकते. ठराव मंजूर होण्यापासून पाकीट बाहेर निघेपर्यंत जी दोन मिनिटे मिळतात, त्यांत अध्यक्षांनी काय करावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

दुकानदार तुम्हाला तोंडी ना-हरकत देईल : "राहतात साहेब, काही करत नाहीत." तो खोटे बोलत नाही. त्याच्याकडचे मासे पिल्ले असतात, चार दिवसांचे पाहुणे असतात, आणि तिथली गर्दी अशी की दादागिरी करायची तर हद्द कुठे आखायची, हेच कुणाला सुचत नाही. ते सुचते तुमच्या घरी, ऐसपैस जागा मिळाल्यावर. म्हणून त्याला एवढेच विचारावे : "पुरा वाढला की केवढा होतो?" तो बोट दाखवेल तर आपण वीत समजावी, आणि वीत दाखवली तर मोठा टँक घ्यायची तयारी ठेवावी.

या प्रश्नाला सर्वांत जास्त कचरतो तो 'शार्क'. बोटभर लांब, चंदेरी, सतत येरझारा घालणारा. खऱ्या शार्कशी त्याचे दूरचेही नाते नाही. तो मेकाँग नदीतला पंगास, आणि मनासारखे पाणी मिळाले तर मीटरभराच्या पुढे जातो. हॉटेलात 'बासा' म्हणून ज्याचे फिंगर्स आपण मागवतो, तो बहुतेक वेळा हाच. तेव्हा दोन फुटी टँकमध्ये शार्कची जोडी सोडण्यापूर्वी आपण शोभेचा मासा नेतोय की रविवारचा, हे घरात एकदा ठरवून घ्यावे. 'पिरान्हा' म्हणून दिमाखात दाखवला जाणारा लाल पोटाचा मासाही पुष्कळदा पाकूचे पिल्लू निघतो. मासळीबाजारात त्याला रूपचंद म्हणतात आणि त्याचे कालवण करतात.

सकरला काच साफ करण्याच्या बोलीवर ठेवून घेण्याची पद्धत आहे. काच तो करतो साफ. पण त्याच्या दुकानी मिळणाऱ्या जाती दीड फुटापर्यंत वाढतात आणि चाटतात त्याहून जास्त घाण करतात. शिवाय शेवाळ संपले की रात्री गोल्डफिश किंवा एंजलच्या अंगाला चिकटून त्यांच्यावरचा बुळबुळीत थर खरवडू लागतात. नेमणूक करताना हे कुणी सांगत नाही.

आता तोंड. अर्जदाराच्या तोंडाचे माप घेतल्याशिवाय फाइल पुढे सरकवू नये. एंजल आणि निऑन टेट्रा दोघेही अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, दोघांनाही कोमट, मऊ पाणी लागते, कागदोपत्री इतकी चांगली जोडी सापडणार नाही. पण निऑन इंच-दीड इंचावर थांबतो, एंजल तळहाताएवढा होतो, आणि मग रोज सकाळी निऑन एकेकाने कमी भरू लागतात. समितीकडे तक्रार येत नाही, कारण तक्रारदार उरत नाही.

पाण्याचा प्रश्न सर्वच सोसायट्यांत असतो, इथे तर सभासद त्यातच राहतात. गोल्डफिशला 18 ते 22 अंश बरे वाटते, डिस्कसला 28 ते 30. मध्ये 25 अंश ठेवून तोडगा काढणारा अध्यक्ष दोघांनाही सारखाच आजारी पाडतो. गप्पीला क्षारांचे जड पाणी मानवते, निऑनला मऊ आणि किंचित आम्लधर्मी. बोअरचे पाणी असेल तर गप्पीचा अर्ज डोळे मिटून मंजूर करावा. फक्त लक्षात ठेवावे की गप्पीची मादी महिन्या-महिन्याला थेट पोहणारी पिल्ले देते, आणि एकदा नराशी गाठ पडली की पुढे कित्येक महिने नर नसतानाही देत राहते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी ठिकठिकाणच्या नगरपालिका गप्पी सोडतात, त्यामागे या हिशेबाचाही भाग आहे.

स्वभावाचे दाखले वाचताना संख्या पाहावी. टायगर बार्ब दोन-तीनच असतील तर शेजाऱ्यांच्या पंखांच्या झालरी कुरतडतात. आठ-दहा एकत्र ठेवले तर आपापसातच भांडतात, आणि सोसायटीत शांतता नांदते. फायटरचा नर दुसऱ्या नराला सोडाच, आरशातल्या स्वतःलाही सहन करत नाही. लांब शेपटीचा रंगीत गप्पी दिसला तर त्यालाही तो भाऊबंद समजून धावून जातो.

भूमिपुत्र म्हणून 'मिस केरळ'ला झुकते माप द्यावे का? हा देखणा बार्ब सह्याद्रीतल्या ओढ्यांचा रहिवासी, इतका की 2013 साली त्याच्या प्रजातीगटाला 'सह्याद्रिया' हेच नाव मिळाले. मात्र त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी, पाच-सहा जणांची सोबत आणि लांबलचक टँक लागतो. त्याचे रानातले अस्तित्वही धोक्यात आहे. ज्यांच्याकडे जागा दोन फुटी आहे, त्यांनी अभिमान बाळगावा, मासा नको.

आता शुभाशुभ. आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ मासे ठेवले की काळा घरावरचे अरिष्ट स्वतःवर घेतो, असे फेंगशुईवाले सांगतात. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ भरले तरी 56 लिटर पाणी मावते. त्यात नऊ गोल्डफिश सोडले, तर नऊच्या नऊ अरिष्ट घेतात. त्या अरिष्टाचे नाव अमोनिया. ते पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण तर टँक आणि मासे एकाच रिक्षातून आणतो.

ज्यांना भांडणे मिटवण्यात रस नाही त्यांनी तीन फुटी टँक घ्यावा, तळाला बारीक वाळू घालून सहा कोरीडोरास, वर दहा हार्लेक्विन रासबोरा ठेवावेत, आणि निवडणुका तहकूब कराव्यात.

इतके वाचूनही तुम्ही रविवारी दुकानात जाल आणि कपाळावर टेंगूळ आलेल्या, लकी म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्लॉवरहॉर्नपुढे उभे राहाल. हा मलेशियात 1990 च्या दशकात संकरातून घडवलेला मासा. जगातल्या कुठल्याही नदीत त्याचे मूळ गाव नाही आणि कुठल्याही टँकमध्ये त्याला शेजारी चालत नाही. तो घ्यायचाच असेल तर चार फुटी टँक त्याच्या एकट्याच्या नावावर करा. तेवढी जागा नसेल, तर खाद्याची पुडी घ्या आणि मागे न बघता दुकानाबाहेर पडा.