तर्री पोह्यांची ज्युरी

सिनेमाचे पुरस्कार दिल्लीत, मुंबईत आणि लॉस एंजेलिसला जाहीर होतात; ते चुकले कसे, हे नागपुरात ठरते. ही फेरतपासणी सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर बसते, म्हणजे उभी राहते. सदस्याने सिनेमा पाहिलेला असावा अशी अट नाही. ट्रेलर पुरतो, आणि ज्याने तोही पाहिलेला नसतो तो निःपक्षपाती म्हणून आपोआप अध्यक्ष होतो.

गुणदानाचा पहिला निकष जन्मगाव. राजकुमार हिरानी नागपूरचे, त्यांच्या वडिलांची इथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती. त्यामुळे त्यांचा पुरस्कार ही घरची बाब. 'मुन्नाभाई एमबीबीएस', 'लगे रहो मुन्नाभाई' आणि 'थ्री इडियट्स' या तिन्ही सिनेमांना निखळ मनोरंजन करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी ठेल्यावर समाधान नाही. "लोकप्रिय म्हणजे काय बे? सर्वोत्कृष्ट काहून नाही?" शाळेच्या गॅदरिंगमधले उत्तेजनार्थ बक्षीस कोणी विसरलेले नसते.

खरी जुंपते ती 'झुंड'वरून. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा ४ मार्च २०२२ रोजी आला. विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलला लावले, त्याची ही गोष्ट. सिनेमात अमिताभ बच्चन, आणि भोवती इथल्याच वस्त्यांतली पोरे. नागपूरकरांनी तो पाहिला नाही, तपासला. 'बे' योग्य जागी पडला का, ही गल्ली त्या रस्त्याला निघतेच कशी, असे जवळजवळ तीन तास चालले होते. पुढे २०२३ च्या फिल्मफेअरमध्ये अंकुश गेडामला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. शहर खूश झाले आणि दुसऱ्या दिवसापासून नाराज. पदार्पणाचाच का? सर्वोत्कृष्ट अभिनेता त्या वर्षी 'बधाई दो'साठी राजकुमार राव ठरला होता. तो नागपूरचा नाही, एवढे कारण पुरेसे होते.

बच्चन यांच्यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, "त्याले चार राष्ट्रीय पुरस्कार हायेत ना राजेहो, 'अग्निपथ', 'ब्लॅक', 'पा', 'पिकू'. आता पोराले द्या." दुसऱ्याचे म्हणणे जास्त खोल आहे आणि म्हणूनच कोणी ऐकत नाही: 'झुंड'मध्ये बच्चन बहुतेक वेळ बाजूला उभे राहून पोरांना खेळू देतात, आणि एवढ्या मोठ्या नटाला हेच सर्वांत अवघड. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत यंत्र वाजत राहते तेव्हा अंकुशच्या चेहऱ्यावर जे चालते, त्यात टाळीचे वाक्य एकही नाही. वाक्य नसले की ठेल्यावर नक्कल करून दाखवता येत नाही, आणि नक्कल न करता आलेला अभिनय पहिल्याच फेरीत बाद होतो.

पुरस्कार विभागून दिला की मात्र ज्युरीचा हिरमोड होतो. २०२५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत शाहरुख खान आणि विक्रांत मॅसी यांना मिळून सर्वोत्कृष्ट अभिनेता केले. भांडावे कोणाच्या बाजूने?

ऑस्करचे कामकाज झटपट उरकते. २००२ मध्ये 'लगान' अंतिम पाचांत पोहोचून बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'कडून हरला. तो बोस्नियन सिनेमा ठेल्यावर कोणी पाहिलेला नाही; अन्याय झाल्याचा ठराव एकमताने मंजूर आहे. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे मराठी सिनेमे भारतातर्फे गेले, अंतिम पाचांत एकही आला नाही. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'वर शेरा मिळाला तो एवढाच: "कॅमेरा हलूनच नाही राहिला ना भाऊ!"

आणि इथेच जन्मगाववाल्या ज्युरीची नजर चुकली. 'कोर्ट'मधला म्हातारा शाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार नागपुरात राहणारे कार्यकर्ते होते. सिनेमात कांबळे मुलांची शिकवणी घेऊन कार्यक्रमाला जातात, गाता गाता मंचावरच अटक होते. पुढे कोर्टात बोलतात ते बहुतेक वकीलच. सिनेमाला २०१४ साठीचे सुवर्णकमळ मिळाले, अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार कन्नड अभिनेता संचारी विजयला गेला. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये नागपुरातच कोरोनाने गेले. ही फाइल ज्युरीने अजून उघडलेली नाही. सवडीने उघडावी; फक्त या एका प्रकरणात सिनेमा आधी पाहावा लागेल.