कटकट, पुटपुट आणि वेड

आठवी ‘ब’चा तिसरा तास. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत पाढे चालू आहेत. “गो-वेंट-गॉन, डू-डिड-डन, सी-सॉ-सीन.” मग चढ संपून गाडी एकदम सपाटीला लागते. “कट-कट-कट, पुट-पुट-पुट.” इथे मागचे बाक हमखास फुटतात. इंग्रजीच्या सरांनी आता रागावणं सोडलंय. कटकट आणि पुटपुट ही दोन्ही कामं त्या तासाला मनापासून चालू असतात, तेव्हा शब्दांना तरी दोष कसा द्यायचा?

शाळा मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे आठवीतली मुलं सात वर्षं ही भाषा ऐकून आलेली. तरीही “आय डिडन्ट वेंट” हे वाक्य दर जूनमध्ये नव्या कोऱ्या वहीत हजर होतं. मुलांचा हिशेब चोख असतो: गोष्ट कालची, मग क्रियापदही कालचंच हवं. सरांनी यावर खास देशी उतारा शोधलाय. “वाक्याला भूत एकदाच लागतं. ‘डिड’ला लागलं ना, मग ‘गो’ मोकळा!” व्याकरणाच्या पुस्तकात हे सापडणार नाही, पण चाचणीत मार्क मिळवून देतं.

पण पंचाईत केली ती पहिल्या बाकावरच्या मुलीने. “सर, प्लेचं प्लेड होतं, मग गोचं गोड का नाही?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत, कारण प्रश्न खरा होता. ‘वेंट’ हे मुळात ‘गो’चं लेकरूच नाही. ‘वेंड’ नावाचं एक जुनं क्रियापद होतं, त्याचा भूतकाळ ‘वेंट’. ‘गो’ने तो दत्तक घेतला आणि स्वतःचा जुना भूतकाळ वाऱ्यावर सोडला. सरांनी हे सांगितलं आणि उलट विचारलं, “तू काल मामाकडे ‘जाली’स की ‘गेली’स?” मुलगी गप्प. आपल्या ‘जाणे’चं मूळ संस्कृतातल्या ‘या’ धातूत, आणि ‘गेला’ आला ‘गम्’कडून. घरोघरी दत्तकविधान! शिवाय करणेचं केलं, येणेचं आला, मरणेचं मेला. हे तक्ते कोणी पाठ करून घेतले नाहीत, तरी कोणी चुकत नाही. वर आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, पेढे खाल्ले, चकल्या खाल्ल्या असं प्रत्येक पदार्थाचं लिंग-वचन तपासून जेवतो. इंग्रज बिचारा सगळ्याला एकच ‘एट’ म्हणून हात धुतो. त्या दिवशी प्रथमच वर्गाला इंग्रजांची दया आली.

‘गोड’ म्हणणारी मुलगी तशी एकटी नाही. खुद्द इंग्रजीने शेकडो वर्षं हेच केलंय. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता. २००७ साली ‘नेचर’मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला: जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली, तर मध्ययुगात त्यांतली १४५ तशीच राहिली होती आणि आज फक्त ९८ उरलीत. बाकीच्यांच्या मागे ईडी लागली. स्पेलिंगमधली, गैरसमज नको. मात्र ज्यांचा वावर मोठा त्यांना ही ईडी हात लावत नाही. बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट ही सर्वाधिक वापरातली दहाही क्रियापदं बिनधास्त अनियमित आहेत. जे क्रियापद शंभरपट कमी वापरलं जातं, ते दहापट वेगाने सरळ होतं.

आणि आपले तक्ते? ते अकारविल्हे. अबाइड-अबोड, अराइज-अरोज, अवेक-अवोक! ‘अबाइड’ त्या मुलांना आयुष्यात कुठे भेटणार, देव जाणे. पण उत्साह पहिल्या पानावरच खर्च होतो आणि ‘मेक-मेड’, ‘टेक-टुक’पर्यंत पोचेस्तोवर घंटा होते. सरांनी यंदा भिंतीवरचा छापील तक्ता उतरवला. त्या जागी वरची दहा क्रियापदं मोठ्या अक्षरांत लावली. ‘लाय-ले-लेन’ आणि ‘ले-लेड-लेड’ ही जुळी भावंडं दिवाळीनंतर. ती दोघं शिक्षकांनाही ओळखू येत नाहीत.

तक्त्याच्या तळाशी मात्र एक दुर्मीळ नग हौसेने ठेवलाय. लग्न करणे या अर्थाचं क्रियापद, तिन्ही रूपं सारखी: वेड-वेड-वेड. हे म्हणताना पुन्हा मागचे बाक फुटतात. हार्वर्डच्या त्या संशोधकांच्या मते यापुढे नियमाला शरण जाण्याची पाळी बहुधा याचीच. म्हणजे वेडचं होणार वेडेड.