इच्छुकांचं आयर्लंड

राजकारणात निवडून आलेल्यांची एक जमात असते, पडलेल्यांची दुसरी. या दोन्हींहून मोठी तिसरी जमात इच्छुकांची. आमच्या बोर्ली पंचतनात तिचे एक ज्येष्ठ सभासद राहतात. निवडणुकीचा नुसता वास आला तरी त्यांचा फ्लेक्स नाक्यावर लागतो. पांढरा शर्ट, कानाला मोबाईल, खाली छत्तीस शुभेच्छुकांचे फोटो आणि त्यातले निम्मे शुभेच्छुक दुबई-कुवेतला, म्हणजे मतदानाच्या दिवशी निरुपयोगी. जून 2020 मध्ये निसर्ग वादळात घरांची छपरं उडाली, तेव्हा अर्ध्या आळीने याच फ्लेक्सखाली पावसाळा काढला. आळीत एवढं विधायक कार्य दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्याच्या नावावर नाही.

यंदा फ्लेक्सवर त्यांच्या डोक्याच्या वर आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर आले आहेत. मजकूर असा: ‘कोकणचा सुपुत्र, नगरसेवक ते पंतप्रधान! आता बोर्लीची पाळी!’

वराडकरांचा जन्म डब्लिनचा, आई आयरिश. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईहून 1960 च्या दशकात इंग्लंडला गेलेले. मूळ गाव वराड, तेही तळकोकणात, मालवण तालुक्यात. पण निवडून आलेला माणूस आपलाच असतो. पडला असता तर तो आयरिश होता.

‘संपादक, यांचं करिअर सांगा. तसंच करायचंय,’ इच्छुक म्हणाले. (चार ओळी छापून येणाऱ्या माणसाला आमच्याकडे संपादकच म्हणतात.)

मी सांगू लागलो. 1999 मध्ये वीस वर्षांच्या या मेडिकलच्या पोराने स्थानिक निवडणूक लढवली. मतं पडली 380.

‘म्हणजे आमच्याएवढीच!’ इच्छुकांचा चेहरा खुलला.

मग 2003 मध्ये आयर्लंडने कायदा केला की संसदेत बसणाऱ्याने स्थानिक परिषदेत बसायचं नाही. त्यामुळे डब्लिनजवळच्या फिंगल परिषदेत जागा रिकामी झाली आणि पक्षाने वराडकरांना तिथे बसवलं. एका माणसाला दोन खुर्च्या नकोत, एवढाच तो विचार. आमच्याकडे तो पुढे गेलाय. माणसाला खुर्ची एकच, घराला कितीही. आमच्या श्रीवर्धन मतदारसंघात हे समजावून सांगायला नको. वडील सुनील तटकरे लोकसभेत, कन्या आदिती विधानसभेत आणि मंत्रिमंडळात, चिरंजीव 2024 पर्यंत विधान परिषदेत. आदिती तटकरे यांनीही सुरुवात जिल्हा परिषदेतूनच केली, पण 2017 मध्ये थेट अध्यक्षपदापासून. शिडीला लिफ्ट असली की गुडघे दुखत नाहीत.

2004 मध्ये वराडकरांना देशभरातल्या नगरसेवकांत पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं मिळाली. तिथे मतदार उमेदवारांच्या नावापुढे एक, दोन, तीन असे पसंतीक्रम लिहितो. इच्छुकांना हे पटेना. आमच्या रायगडात एकच नाव धड ओळखता येत नाही, तिथे क्रम कसले लावणार? 2014 च्या लोकसभेला सुनील तटकरे दोन हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि त्याच नावाचा एक अपक्ष नऊ हजारांवर मतं घेऊन गेला. आईबापांनी ठेवलेलं नाव इतकं महागात क्वचितच कुणाला पडलं असेल.

2007 मध्ये वराडकर खासदार झाले आणि जून 2017 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पंतप्रधान. 2020 मध्ये आघाडी सरकार आलं. मित्रपक्षाचे मिहॉल मार्टिन आधी पंतप्रधान, वराडकर नंतर, अर्धी अर्धी मुदत.

‘अडीच-अडीच?’ इच्छुक सावरून बसले.

अडीच-अडीच. आणि डिसेंबर 2022 मध्ये मार्टिन यांनी खरोखर खुर्ची दिली. याच अडीच वर्षांवरून 2019 मध्ये महाराष्ट्रात युती मोडली. बंद खोलीत नेमकं काय ठरलं होतं ते भिंतींनाच ठाऊक. आमच्या ग्रामपंचायतींत तर सव्वा-सव्वा वर्षाचे उपसरपंच ठरतात आणि पहिल्याचा राजीनामा मागायला दुसऱ्याला ग्रामदैवतालाच कौल लावावा लागतो.

‘आमची गाडी पहिल्या पायरीवरच अडली,’ ते म्हणाले. यात मात्र त्यांचा दोष नाही. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि आरक्षण, प्रभागरचनेच्या कज्ज्यांत कारभार प्रशासकाकडे गेला. चार महिन्यांत निवडणुका घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावं लागलं. तेवढ्या काळात वराडकर उपपंतप्रधान होते, पुन्हा पंतप्रधान झाले, मार्च 2024 मध्ये पायउतार होतोय असं सांगून मोकळेही झाले आणि पुढची निवडणूक लढलेच नाहीत. आमचे इच्छुक तेवढ्या काळात इच्छुकच राहिले. फ्लेक्सवरची तारीख तेवढी स्टिकर लावून बदलत गेली.

‘थांबा, थांबा. आपणहून सोडलं? ईडी लागली होती?’

‘नाही.’

‘मग कुठल्या पक्षात गेले?’

‘कुठेच नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकवायला गेले.’

त्यांचा जीव भांड्यात पडला. ‘असं बोला की! संस्था काढली म्हणायची. अनुदानित आहे की विनाअनुदानित?’